करार मान्य करायचा की नाही?

पाडवा आला की आपल्या भागात सालगड्याचे साल ठरते. मालक ओसरीवर बसतो. गडी समोर बसतो. वर्षाचे पैसे किती, ज्वारीची पोती किती, कपड्याचे जोड किती, आधी उचल किती, हे बोलले जाते. गड्याला पटले तर तो "बरं" म्हणतो. नाही पटले तर उठतो आणि दुसऱ्या दाराला जातो. ज्याला साल काढायचे, तोच "बरं" म्हणतो आणि तोच "नाही" म्हणतो.

आता असे समजा, की शंभर गड्यांचे साल एकाच दिवशी, एकाच ओसरीवर ठरायचे आहे. शंभर माणसे एकदम बोलू लागली तर नुसता गलका होईल. म्हणून ते आपल्यातले पाच शहाणे निवडतात आणि त्यांना बोलणी करायला पाठवतात. पाच जण संध्याकाळी परत येतात. म्हणतात, "इतके इतके ठरवून आलो."

इथे प्रश्न उभा राहतो. पाचांनी "बरं" म्हटले म्हणजे शंभरांनी म्हटले का? की शंभरांना पुन्हा विचारायचे? विचारले, तर ते हो म्हणतील की नाही? आणि हो किंवा नाही कशावरून ठरवतील?

हा प्रश्न फक्त मोठ्या शहरातल्या कारखान्यांचा नाही. आपल्या येलदरीहून जिंतूरला जाणारी एस. टी. चालवणारा ड्रायव्हर, कोयता घेऊन उसाच्या फडावर जाणारे जोडपे, गिरणीत राबलेला एखादा चुलता, या सगळ्यांच्या घरात हा प्रश्न कधी ना कधी आलेला आहे. म्हणून तो नीट समजून घेऊ.

करार म्हणजे काय?

कामगार एकेकटा असला तर मालकापुढे त्याचे काही चालत नाही. अडला हरी, तशी त्याची गत. म्हणून कामगार एकत्र येऊन संघटना काढतात. तिलाच आपण युनियन म्हणतो. युनियन आणि मालक बसून पगार, भत्ते, कामाचे तास, रजा, बोनस यांविषयी जे लिहून ठरवतात आणि खाली सह्या करतात, तो करार. करार तीन-चार वर्षांचा असतो. तेवढी वर्षे दोघांनाही तो पाळावा लागतो.

आपल्या राज्यात ही वाट फार जुनी आहे. सन १८८४ मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या. आठवड्याला एक दिवस सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार वेळेवर, अशा मागण्यांचा अर्ज केला. त्यावर सुमारे ५,५०० कामगारांनी आपली संमती नोंदवली. पुढे १८९० साली गिरण्यांना आठवड्याची सुटी मिळाली. पाहा, पहिल्याच अर्जाला हजारो माणसांची संमती घेतलेली होती. नुसते पुढाऱ्याचे नाव त्याखाली नव्हते.

कायदा काय सांगतो?

पुष्कळांना वाटते, की करार करण्यापूर्वी कामगारांची मते घेतलीच पाहिजेत असा कायदा असेल. तसा तो नाही.

महाराष्ट्रात १९७१ साली कामगार संघटनांना मान्यता देण्याचा एक कायदा झाला. ज्या युनियनकडे निदान तीस टक्के कामगार सहा महिने सभासद आहेत, तिला मान्यता मागता येते. त्याच कायद्यात असे घातले, की मान्यताप्राप्त युनियन असेल तिथे संपाची नोटीस देण्याआधी बहुसंख्य सभासदांचे मत संपाच्या बाजूने पाहिजे. नाही तर संप बेकायदा. म्हणजे संपावर जाताना सभासदाला विचारा, असे कायदा म्हणाला. पण संप मिटवून करारावर सही करताना विचारा, असे तो म्हणाला नाही. तेवढे युनियनच्या घटनेवर आणि पुढाऱ्यांच्या समजुतीवर राहिले.

आता देशात नवी औद्योगिक संबंध संहिता आली आहे. संसदेने ती २०२० साली मंजूर केली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू झाली. एका कारखान्यात अनेक युनियन असतील, तर ज्या युनियनकडे पटावरचे ५१ टक्के कामगार आहेत, तीच मालकाशी बोलणी करणार. तेवढे कोणाकडेच नसतील, तर निदान वीस टक्के कामगार असलेल्या युनियनांची मिळून परिषद करायची. कोठेही संप करायचा तर चौदा दिवसांची नोटीस आधी द्यायची.

दुसरी एक गोष्ट ध्यानात ठेवा. सरकारी समेट अधिकाऱ्यासमोर झालेला करार सगळ्या कामगारांना लागू होतो. जो युनियनचा सभासद नाही त्यालाही, आणि जो उद्या कामाला लागेल त्यालाही. म्हणून "मला काय त्याचे?" असे कोणालाही म्हणता येत नाही.

एस. टी.च्या कामगारांनी काय केले?

एस. टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला गेली. आज राज्यात एस. टी.ची सुमारे २५० आगारे आहेत. आपले जिंतूरचे आगार त्यातलेच. या कामगारांनी गेल्या काही वर्षांत करार नाकारलेही आणि स्वीकारलेही. म्हणून त्यांचे उदाहरण घेऊ.

ऑक्टोबर २०२१ अखेर एस. टी.च्या अनेक संघटनांच्या कृती समितीने उपोषण सुरू केले. मागण्या महागाई भत्त्याच्या, घरभाड्याच्या होत्या, आणि महामंडळ राज्य सरकारात विलीन करा ही मोठी मागणी होती. दुसऱ्याच दिवशी परिवहन मंत्र्यांबरोबर बोलणी झाली. महागाई भत्ता २८ टक्के करायचा, घरभाडे भत्ता वाढवायचा असे ठरले. समितीने उपोषण सोडले. पुढाऱ्यांच्या मते काम फत्ते झाले.

पण आगारांत वेगळेच झाले. कामगार म्हणाले, "विलीनीकरणाचं काय झालं? ते राहिलंच की!" एकेक आगार बंद पडू लागले. नोव्हेंबरात जवळजवळ सगळे राज्य थांबले. तिथे मतपेटी नव्हती, चिठ्ठ्या नव्हत्या. तरी कामगारांनी मत दिले. ते आगाराच्या फाटकावर दिले. पुढाऱ्यांनी केलेला करार सभासदांनी नाकारला तो असा.

२४ नोव्हेंबर २०२१ रोजी सरकारने पगारवाढ जाहीर केली. ज्यांची नोकरी एक ते दहा वर्षे, त्यांच्या मूळ पगारात ५,००० रुपये. दहा ते वीस वर्षेवाल्यांना ४,००० रुपये. वीस वर्षांच्या पुढे २,५०० रुपये. रक्कम लहान नव्हती. काही कामगार कामावर परतले. पण पुष्कळ परतले नाहीत. डिसेंबरात एका संघटनेने संप मागे घेतल्याचे जाहीर केले, तरी मुंबईच्या आझाद मैदानावर बसलेले कामगार उठले नाहीत.

पुढे समितीचा अहवाल आला. विलीनीकरण होणे शक्य नाही, असे तिने सांगितले. एप्रिल २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले, की २२ एप्रिलपर्यंत कामावर हजर व्हा, आणि महामंडळाने हजर होणाऱ्यांना नोकरीवरून काढू नये. तेव्हा गाड्या पुन्हा सुरू झाल्या. जवळजवळ सहा महिने गेले. हजारो कामगार या काळात निलंबित किंवा बडतर्फ झाले होते. घरात पगार नव्हता. इकडे खेड्यापाड्यांतली पोरे शाळा-कॉलेजला चालत किंवा जीपला लटकून जात होती. ज्या बाईला दवाखान्यात जायचे तिला भाड्याची गाडी करावी लागत होती. संपाची झळ दोन्हीकडे लागते, हे विसरू नये.

आता पुढची गोष्ट पाहा. ३ सप्टेंबर २०२४ रोजी एस. टी. कामगार पुन्हा संपावर गेले. गणपती तोंडावर आले होते. दुसऱ्याच दिवशी मुख्यमंत्र्यांबरोबर बैठक झाली आणि मूळ पगारात सरसकट ६,५०० रुपये वाढ, एप्रिल २०२० पासून, असे ठरले. संप मिटला. गाड्या निघाल्या. या वेळी कामगारांनी आगारे बंद ठेवली नाहीत.

कामगार तेच, आगारे तीच. मग २०२१ मध्ये "नाही" आणि २०२४ मध्ये "हो", असे का? याचे उत्तर शोधले तर आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर पुष्कळसे सापडते.

पहिली गोष्ट : वाढ किती, आणि कोणाच्या मानाने?

माणूस पगाराची वाढ नुसती मोजत नाही. तो ती कशाशी तरी ताडून पाहतो. एक, बाजारातल्या भावाशी. दोन, शेजाऱ्याच्या पगाराशी. एस. टी.चा ड्रायव्हर सरकारी खात्यातल्या ड्रायव्हरकडे पाहतो आणि विचारतो, "त्याचं स्टिअरिंग वेगळं अन् माझं वेगळं काय?" विलीनीकरणाची मागणी या तुलनेतूनच निघाली.

भावाचे गणित करून पाहू. समजा, एखाद्याला महिन्याला २०,००० रुपये मिळतात. त्यात मूळ पगार १२,००० आणि भत्ते ८,०००. करारात लिहिले, "मूळ पगारात दहा टक्के वाढ". ऐकायला दहा टक्के. हातात पडतात १,२००. म्हणजे सगळ्या पगारावर धरले तर सहाच टक्के. आता करार तीन वर्षांचा आहे आणि भाव दर वर्षी पाच टक्क्यांनी चढतात असे धरा. आज २०,००० रुपयांत जे घर चालते, त्याला तीन वर्षांनी २३,००० च्या वर लागतील. हातात मात्र २१,२००. महागाई भत्ता भावाबरोबर वाढणारा असेल तर गोष्ट वेगळी. तो बांधून ठेवलेला असेल, तर वाढ मिळूनही घर मागे पडले.

म्हणून "किती टक्के?" एवढे विचारून थांबू नये. "कशावर टक्के? किती वर्षांसाठी? भत्ता भावाबरोबर वाढणार की नाही?" हेही विचारावे.

दुसरी गोष्ट : आपसांत न्याय आहे का?

एकाच पंगतीत बसलेल्यांना वाढप सारखे पाहिजे. एकाला लाडू आणि दुसऱ्याला बुंदी दिली, तर बुंदी गोड असली तरी घशाखाली उतरत नाही.

२०२१ ची वाढ आठवा. नव्या माणसाला ५,००० आणि वीस वर्षे गाडी ओढलेल्याला २,५००. सरकारचे म्हणणे असेल, की नव्यांचे पगार फार कमी होते, म्हणून त्यांना जास्त दिले. त्यातही अर्थ होता. पण जुन्या माणसाला वाटले, की आपल्या वर्षांची किंमत झाली नाही. २०२४ मध्ये काय केले? सर्वांची वाढ ६,५०० पर्यंत आणली. ज्याला पूर्वी ५,००० मिळाले होते त्याला आणखी १,५००. ४,००० वाल्याला २,५००. आणि २,५०० वाल्याला ४,०००. बेरीज करून पाहा, तिघांचीही सारखीच येते. पंगतीत वाढप सारखे झाले. करार पचला, त्याचे एक मोठे कारण हे.

तिसरी गोष्ट : विश्वास

दुधाने तोंड पोळले, की माणूस ताकही फुंकून पितो. मागचा शब्द पाळला गेला नसेल, तर नव्या शब्दावर कोण भरवसा ठेवील?

अमेरिकेत करारावर मतदान घेण्याची रीत रुळलेली आहे. पुढारी करार ठरवून आणतात आणि सभासद चिठ्ठी टाकतात. २०२४ साली बोईंग या विमाने बांधणाऱ्या कंपनीत सुमारे ३३,००० कामगारांपुढे करार आला. चार वर्षांत २५ टक्के वाढ. पुढाऱ्यांनी सांगितले, "घ्या". ९४.६ टक्के सभासदांनी "नको" म्हटले आणि संप सुरू झाला. पुढे कंपनी ३५ टक्क्यांवर आली. तरी ६४ टक्क्यांनी "नको" म्हटले. शेवटी ३८ टक्के वाढीचा करार आला, आणि ४ नोव्हेंबरला ५९ टक्क्यांनी तो मान्य केला.

इतकी मोठी वाढ मिळत असताना राग कशाचा होता? दहा वर्षांपूर्वी, २०१४ साली, थोडक्या मतांनी मंजूर झालेल्या एका करारात त्यांची जुनी पेन्शन बंद झाली होती. तो सल मनात राहिला. कागदावर आकडे २०२४ चे होते, पण पुष्कळांनी मत दिले ते २०१४ लाही. पेन्शन तर शेवटपर्यंत परत मिळाली नाही.

यातून मालकानेही शिकावे आणि पुढाऱ्यानेही. आज कामगाराच्या तोंडाला पाने पुसली, तर ते दहा वर्षांनी निघते.

चौथी गोष्ट : मला विचारले का?

कित्येकदा करार वाईट नसतो. पण तो कामगाराला वर्तमानपत्रातून कळतो. मग माणूस म्हणतो, "माझं साल ठरलं आणि मलाच ठाऊक नाही?" अशा वेळी तो कराराला नाही म्हणत नाही. तो त्या पद्धतीला नाही म्हणतो.

मुंबईच्या गिरण्यांची गोष्ट अशीच आहे. तिथे १९४६ चा एक कायदा होता. एका धंद्यातल्या ज्या युनियनकडे पंचवीस टक्के सभासद आहेत, ती प्रातिनिधिक संघटना. तिनेच बोलायचे, तिनेच करार करायचा, आणि तो सगळ्यांना बांधील. कापड गिरण्यांत हा मान राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. तिचे करार आपल्याला विचारून होत नाहीत, अशी पुष्कळ कामगारांची तक्रार होती. १९८१ च्या दिवाळीत बोनसवरून नाराजी उसळली. कामगार डॉ. दत्ता सामंतांकडे गेले आणि "आमचे पुढारी तुम्ही व्हा" म्हणाले. १८ जानेवारी १९८२ पासून संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पगारवाढीबरोबर हा कायदा रद्द करा, हीही त्यांची मागणी होती.

कायद्याप्रमाणे सामंतांशी करार करता येत नव्हता. ज्यांच्याशी करार करता येत होता, त्यांचे कामगार ऐकत नव्हते. अशी गाठ बसली, की ती सुटलीच नाही. तो संप कोणी रीतसर मागे घेतला नाही. वर्ष-दीड वर्षात तो विरून गेला. एक लाखाहून अधिक कामगारांची नोकरी कायमची गेली. कोणी कोकणात परतले, कोणी घाटावर. गिरण्यांच्या जागी पुढे उंच इमारती उभ्या राहिल्या.

म्हणून "नाही" म्हणणे नेहमी शहाणपणाचे, असे म्हणता येत नाही. आणि "हो" म्हणणे नेहमी सुरक्षित, असेही नाही. पण ज्याच्या घराचा प्रश्न आहे त्याला वेळीच विचारले, तर गाठ बसण्याआधीच सुटण्याची आशा असते.

पाचवी गोष्ट : घरात धान्य किती?

मत देताना माणूस कराराचा कागद पाहतो, तसाच घरातला डबाही पाहतो. ज्याला गावी चार एकर आहे, भाऊ शेती करतो, तो दोन महिने थांबू शकतो. ज्याचे पोर कॉलेजात आहे, घराचा हप्ता आहे, त्याला पंधरा दिवसही जड जातात. गिरणी कामगार इतके दिवस टिकले, त्याचे एक कारण असे, की पुष्कळांना गावाकडे भाकरीचा आधार होता.

इथेही गणित करावे. समजा, मालक जे देतो आणि आपण जे मागतो, त्यात महिन्याला ५०० रुपयांचा फरक आहे. पगार २०,०००. एक महिना संप केला तर २०,००० गेले. ५०० च्या हिशेबाने ते भरून यायला चाळीस महिने लागतील. करार छत्तीस महिन्यांचाच आहे! पण हिशेब इथेच पुरा होत नाही. मूळ पगारात पडलेली वाढ पुढच्या करारातही राहते. तिच्यावर महागाई भत्ता चढतो, फंड कापला जातो, ग्रॅच्युइटी निघते. तरुणाला ती तीस वर्षे फळ देते. दोन वर्षांत निवृत्त होणाऱ्याला ती फळ देणार नाही. म्हणून एकाच करारावर तरुण आणि म्हातारा वेगवेगळे मत देतात. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. त्यांनी एकमेकांना फितूर म्हणू नये.

सहावी गोष्ट : पैशांत न मोजता येणारे

काही मागण्या पैशांच्या नसतात. पगार वेळेवर व्हावा. साहेबाने अरे-तुरे करू नये. रात्रीच्या मुक्कामाला धड खोली असावी. नोकरी पक्की असावी. या गोष्टी करारात नसतील, तर पगार वाढूनही मन भरत नाही. मालक म्हणतो, "एवढे दिले तरी हे लोक ऐकत नाहीत." अहो, पण त्यांनी जे मागितले ते दिलेच कुठे?

ज्यांना चिठ्ठी नाही, त्यांचे काय?

ऊसतोडणी कामगारांकडे पाहा. आपल्या मराठवाड्यातून दिवाळीच्या सुमाराला लाखो माणसे बैलगाड्या, ट्रॅक्टर घेऊन कारखान्यांवर जातात. त्यांचे दर साखर संघ आणि कामगारांचे पुढारी बसून ठरवतात. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. ती ठरली तेव्हा हंगाम चालू होता आणि जोडपी फडावर ऊस तोडत होती. त्यांच्यापर्यंत कोणी मतपेटी नेली नाही. त्यांच्या हातात एकच मत असते. कोयता उचलायचा, की खाली ठेवायचा. पण मुकादमाची उचल अंगावर असली, की तेही मत मोकळे राहत नाही. ज्याच्यावर कर्ज आहे, त्याचे "हो" हे खरे "हो" नसते. एवढे ध्यानात ठेवले, तर उचल घेतानाच माणूस दोनदा विचार करील.

मत कसे घ्यावे?

सभेत हात वर करून मत घेतले, की माणूस शेजाऱ्याचा हात पाहतो. पुढारी समोर बसलेला असतो. "नाही" म्हणावे तर गद्दार ठरू, "हो" म्हणावे तर भित्रे ठरू, अशी धास्ती असते. म्हणून चिठ्ठी बरी. ग्रामपंचायतीला आपण जसे गुप्त मत देतो, तसेच इथेही द्यावे. चिठ्ठी टाकण्याआधी करार सगळ्यांना वाचून दाखवावा आणि तो मराठीत असावा. एक-दोन दिवस विचाराला द्यावेत. घरच्या माणसांशी बोलता आले पाहिजे, कारण करार कामगाराचा असला तरी संसार बाईला चालवायचा असतो. कामगार बाई असली, तरी चूल पेटवण्याची काळजी दोघांनाही असते.

मते मोजल्यावर जे बहुमत येईल ते सगळ्यांनी पाळावे. ४१ टक्के हरले म्हणून त्यांनी वेगळी चूल मांडली, तर पुढच्या वेळी मालक दोन चुलींपैकी जी विझत आली असेल तिच्याशी बोलेल.

सहीपूर्वी काय पाहावे?

आपण लिहायला-वाचायला शिकलो ते कशासाठी? नुसती एस. टी.ची पाटी वाचण्यासाठी नाही. पूर्वी कागद पुढे आला की अंगठा पुढे जायचा. कागदात काय आहे ते कागद लिहिणाऱ्यालाच ठाऊक. आता तसे होऊ देऊ नका. करार पुढे आला, तर हे प्रश्न बोटावर मोजून विचारा :

वाढ मूळ पगारावर की सगळ्या पगारावर?
करार किती वर्षांचा?
वाढ कोणत्या तारखेपासून? मागची बाकी मिळणार की नाही?
जुन्या-नव्या कामगारांना सारखेच की कमी-जास्त?
वाढीच्या बदल्यात आपण काय देणार? जास्त काम, जास्त तास, की माणसे कमी?
मागच्या करारातले काय पाळले आणि काय राहिले?
"नाही" म्हटले तर पुढे काय? किती दिवस थांबण्याची आपली तयारी आहे?

या सात प्रश्नांची उत्तरे मिळाली, की मग "हो" म्हणा किंवा "नाही" म्हणा. ते तुमचे मत असेल. पुढाऱ्याने सांगितले म्हणून नव्हे, शेजाऱ्याने हात वर केला म्हणून नव्हे, आणि साहेब रागावेल म्हणूनही नव्हे.

पुढारी होणाऱ्यांनाही एक सांगणे आहे. करारावर सही करण्याआधी परत फाटकावर या. दहा शिव्या खाव्या लागल्या तरी या. कामगाराला न विचारता केलेला करार सहीच्या दिवशी सोपा वाटतो. पण तो पाळायचा असतो त्या कामगाराला, आणि तो मोडला तर गाडी थांबते आपल्या सगळ्यांची.

हा धडा वाचून झाला, की वर्गात बसून बोला. तुमच्या घरात कोणी संपावर गेले होते का? तेव्हा घर कसे चालले? सालगड्याचे साल आणि कामगाराचा करार, यांत सारखे काय आणि वेगळे काय? आणि पुढच्या पाडव्याला कोणाचे साल ठरत असेल, तर ठरलेले सगळे एका कागदावर लिहून काढा, दोघांनी वाचा, आणि मगच खाली सही करा.